उन्हात ठेवून बाटलीचा आरओ होत नाही

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "नागपूरच्या उन्हात पाण्याची बाटली दोन तास ठेवा. जंतू, फ्लोराईड, क्षार सगळं उडून जातं. आरओ विकून टाका."

जंतूंपुरतं खरं आहे. बैरूतचे संशोधक अफ्तिम अक्रा यांनी 1980च्या सुमारास ते दाखवून दिलं. पण दोन तास पुरत नाहीत. बिनरंगी बाटली, कडक ऊन आणि सहा तास; आभाळ असेल तर सलग दोन दिवस. मुख्य काम अतिनील किरणं करतात, उष्णता त्यांना हातभार लावते. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात चटका देतं, म्हणून ते निर्जंतुक झालं असं समजू नका. तिथे किरणं पोचतच नाहीत.

पाणी गढूळ असेल तरी तेच. भरलेली बाटली पेपरच्या मथळ्यावर उभी ठेवा आणि वरून डोकवा. नळाच्या पाण्यातून मला अक्षरं लख्ख दिसली. पहिल्या पावसानंतरच्या विहिरीच्या पाण्यातून नुसता काळपट डाग. असं पाणी आधी निवळून, गाळून घ्यावं लागतं.

फ्लोराईडचं मात्र साफ खोटं, आणि घातक. ते काही जिवंत नाही की उन्हाने मरेल. भांडं उघडं ठेवलंत तर पाणी उडेल, फ्लोराईड तितकंच राहील, म्हणजे पाणी आणखी वाईट. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जातं. त्यासाठी आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत काढली.

उन्हाने क्षार वेगळे करता येतात, पण वाफ धरावी लागते: काळ्या तळाचा उथळ ट्रे, वर तिरपी काच, काचेवरून ओघळणारे थेंब. हिशेब करा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट (वीजबिलातलं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. चौरस मीटरवर दिवसाला पाच-सहा युनिट ऊन पडतं, त्यातलं निम्म्याहून जास्त वाया जातं. हाती येतं तीन लिटर. चौघांच्या पिण्यापुरते बारा लिटर हवे असतील, तर चार चौरस मीटर गच्ची अडवा.

आरओ विकायचा असेल तर खुशाल विका, पण आधी पाणी तपासून घ्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल आणि फ्लोराईड-नायट्रेट मर्यादेत, तर तो मुळातच नको होता.

काल शेजारच्या काकूंची बाटली पाहिली. कूलरच्या सावलीत, आणि हिरव्या रंगाची.