पाणी इथवरच येतं

चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान टाकलंत की आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा आयताच मिळतो. भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ असते. तिच्या वर चार बोटं सोडून एक फळी ठोका. पाऊस लागला की खालचा माल फळीवर चढवायचा आणि चहा सांगायचा. पाणी शिस्तीचं असतं, मागे जिथे थांबलं तिथेच थांबतं. वर कोळकेवाडी धरण, खाली खाडीची भरती, मधे वाशिष्ठी आणि शिवनदी, आणि त्यांच्या मधोमध आपला गाळा, असल्या तपशिलात शिरू नका. धंद्यात मन घट्ट लागतं.

२२ जुलै २०२१ ला पाणी रेघेकडे न बघताच वर गेलं. त्याला आराखडा काय करणार?

आता हिशेबाकडे वळू. कॉम्प्युटर काउंटरच्या खाली, जमिनीवर ठेवा, म्हणजे वर माल मांडायला जागा राहते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप रोज घ्या आणि तो पेनड्राइव्ह त्याच काउंटरच्या खणात, विम्याच्या पॉलिसीला रबरबँडने बांधून ठेवा. ऐनवेळी शोधाशोध नको. कॉम्प्युटरवाले सांगतात, तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी. आमच्याही तीन होत्याच: कॉम्प्युटर, पेनड्राइव्ह आणि दर शनिवारी येणाऱ्या अकाउंटंटचं डोकं. डोकं खेर्डीला राहतं, म्हणजे दुसरं ठिकाणही झालं. त्या दिवशी खेर्डीतही पाणी होतं, ही गोष्ट वेगळी. पासवर्डही त्याच डोक्यात होता.

उधारीची वही मात्र शाईच्या पेनानेच लिहा. आमची तिसऱ्या दिवशी चिखलातून निघाली. पंख्याखाली बसून एकेक पान सुरीच्या पात्याने सोडवलं. नोकराने बॉलपेनने खरडलेलं सगळं शाबूत. वडिलांच्या वळणदार अक्षरातली पानं एकसारखी निळी, श्रावणात उघडीप पडल्यावर आभाळ दिसतं तशी. गिऱ्हाइकं चौकशीला आली. "वहीसुद्धा गेली का हो?" "गेली." "अरेरे!" त्या अरेरेमागून जो श्वास सुटायचा, तेवढा मोकळा श्वास मी अख्ख्या कोरोनात ऐकला नव्हता.

विम्याला थोडा वेळ द्या, कारण खरी कला तिथे आहे. दुकानातल्या मालाचे किमान तीन आकडे हवेत. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावर मिळणाऱ्या कर्जाची, मर्यादा वाढवून हवी, म्हणून बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तीस लाख. हप्ता जड होतो, म्हणून पॉलिसीत दहा. जीएसटीच्या कागदांवरून निघेल तो तिसरा. खरा माल वीस लाखांचा, पण तो आकडा कुठेच लिहायचा नसतो. पूर ओसरल्यावर नुकसान मोजायला विम्याचा सर्व्हेअर येतो आणि हे सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी मांडतो. मग तो सरासरीचं कलम समजावून देतो: वीस लाखांचा माल, दहाचा विमा, आठ लाखांचं नुकसान, तर मिळणार चार. तेही पॉलिसीत पूर धरलेला असला तर. आगीच्या जुन्या पॉलिसीतून वादळ-पूर वगळला की हप्ता कमी व्हायचा, आणि वाशिष्ठीकाठच्या माणसाला भीती आगीचीच असणार. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या छोट्या धंद्यांसाठी नवी पॉलिसी आली. तिच्यात पूरही आहे आणि विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर माफ आहे. आमच्याकडे ५० टक्क्यांची पद्धत आहे, त्याला कंपनीचा इलाज नाही.

चिपळूणच्या एसटी आगाराचे प्रमुख त्या दिवशी नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. त्यांच्यापाशी निदान बस होती. तुमचा गल्ला कोण, कुठून, कुठे नेणार, हे आधी ठरवू नका. अभद्र बोलल्यासारखं होतं.

जीएसटीचा कायदा वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं जपायला सांगतो. आमची जपलेली आहेत. प्लास्टिकच्या दोन गोणींत लगदा आहे, वास येतो म्हणून मागच्या पडवीत ठेवलाय.

बाकी दुकान पुन्हा उभं राहिलं. रंगाऱ्याला बजावून २०२१ ची रेघ तेवढी राखून ठेवली. परवा सुतार आला होता, तिच्या वर चार बोटं सोडून नवी फळी ठोकायला. म्हणाला, "शेठ, अजून हातभर वर घेऊ का?"

"नको रे," म्हटलं, "मग शिडी लागते."