कॉर्टिसॉल विष आहे म्हणे!

आमच्या आत्याने चार दिवस प्रेडनिसोलोन घेतलीच नाही. संधिवातासाठी वर्षभर चालू असलेली स्टेरॉइडची गोळी. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला. फॉरवर्ड होता: 'कॉर्टिसॉल हे ताणाचं विष. ते शून्यावर आणा. सात दिवस जिऱ्याचं पाणी प्या. भीती मेंदूतल्या अमिग्डालात असते, भुवयांमध्ये दाबलं की ती बंद. दीर्घ श्वास घ्या.' आपली गोळी कॉर्टिसॉलच्याच जातीची, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. विष कशाला घ्यायचं, म्हणून तिने ती सोडली.

कॉर्टिसॉल उरलं नाही तर काय होतं, ते लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्येच लिहून ठेवलंय, कॉर्टिसॉल हे नावही नव्हतं तेव्हा. कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेले त्यांचे रुग्ण गळून जात, अन्न पोटात ठरत नसे, कातडी काळवंडे, आणि शेवटी ते दगावत.

कुत्रा अंगावर आला की अ‍ॅड्रिनलिन काही सेकंदांत धावतं, कॉर्टिसॉल काही मिनिटांनी. ते रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळतं, आणि मेंदूकडे परत जाऊन 'आता पुरे' हा निरोपही तेच देतं. कुत्रा नसला तरी रोज पहाटे ते वाढतंच, त्याशिवाय शरीर चालत नाही. वर्षभर ते बाहेरून मिळालं की ग्रंथी सुस्तावतात. गोळी एकदम थांबवली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतणं, काहीही होऊ शकतं. ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. आम्ही त्याच दुपारी त्यांना फोन लावला.

जिऱ्याचं पाणी खुशाल प्या. कॉर्टिसॉल यकृत रोज मोडतंच, त्याला जिरं लागत नाही.

अमिग्डालाचं बटण? २०१३ मध्ये 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी असलेल्या तिघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली. तिघीही भीतीने कासावीस झाल्या. भीतीचा ठिकाणा एकच नाही, मग भुवयांमध्ये दाबून काय बंद होणार?

श्वासाचं मात्र खरं आहे, मानावं लागेल. उच्छ्वास लांबवला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूमुळे हृदयाची गती उतरते. महिनोन्महिने चाललेला ताण शरीराला पोखरतो, हेही खरं. पण त्या दोन खऱ्या ओळींच्या आधारानेच आत्याने बाकीच्या सगळ्या खऱ्या धरल्या. ज्या भिशीच्या ग्रुपवर तिला हे आलं, तिथे मी हे टाकतोय. तिथे आणखी कुणी स्टेरॉइड घेत असेल आणि थांबवली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.