हरणाऱ्या संघाचा पिक्चर

शाळेच्या ग्रुपवर 'मैदान' या फुटबॉलवरच्या पिक्चरवरून सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये पिक्चर आला, तिकीटबारीवर आपटला, आणि ग्रुपनं निकाल देऊन टाकला : आपल्या लोकांना फुटबॉल बघायचाच नाही. निकाल देणारे सगळे कोल्हापूरचे. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या दोन फुटबॉल संघांची मॅच असली की मंगळवार पेठेतल्या जावयानं शिवाजी पेठेतल्या सासुरवाडीला जाणं टाळावं, अशा गावचे. शेवटी एकानं लिहिलं, "तू तिकडं इंग्लंडात हाईस, तूच सांग काय बघायचं."

मी राहतो संडरलंडला, त्यामुळे माझं उत्तर जरा पक्षपाती आहे. पहिलं नाव 'संडरलंड टिल आय डाय', इथल्या फुटबॉल क्लबवरची माहितीपट मालिका. २०१७ साली क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. आता एका वर्षात परत वर जाणार, तो विजय टिपू, म्हणून कॅमेरे आले. काढणारी कंपनीही याच क्लबच्या चाहत्यांची. झालं उलटंच : वर्षअखेर क्लब आणखी एक पायरी खाली. तरी कॅमेरे हलले नाहीत. दुसऱ्या भागात २०१९ साली संघ दोनदा अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमला जातो आणि दोन्हीदा हरून येतो, त्यातली चार्ल्टनविरुद्धची हार तर ९४व्या मिनिटाला.

मालिका सुरू होते चर्चमध्ये. पाद्रीबुवा क्लबसाठी प्रार्थना करतात. बायकोला ते विनोदी वाटलं, मला नाही. मॅचच्या दिवशी अंबाबाईला हात जोडून स्टेडियमवर जाणारे काका आमच्याच घरात होते. पुढं कॅमेरा क्लबच्या स्वयंपाकघरात शिरतो, कुणाच्या टॅक्सीत बसतो, कुणाच्या दिवाणखान्यात. गोल थोडे, माणसं जास्त. इथली शेवटची जहाजगोदी १९८८ साली बंद झाली, कोळशाची खाण १९९३ला. त्याच खाणीच्या जागेवर आजचं 'स्टेडियम ऑफ लाइट' उभं आहे आणि बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं स्मारक आहे. हे आधी न कळता मी दोन वर्षं त्या दिव्यासमोरून मेट्रोनं कामावर जात होतो. कळलं ते मालिका बघून. शेजारच्या म्हाताऱ्याशी त्यानंतर खऱ्या अर्थानं बोलणं सुरू झालं. तोवर आमचा विषय पाऊस.

आता 'मैदान'. पिक्चर वाईट नाही, फुटबॉल तर त्यात फारच चांगला चित्रित झालाय. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, १९६२च्या जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१, आणि पुढच्याच वर्षी कॅन्सरनं रहीमसाहेबांचा मृत्यू. एवढं सगळं खरं असताना पडद्यावर मात्र प्रत्येक गोष्ट शेवटच्या सुवर्णपदकाकडे पळत सुटते. १९५६ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना नेव्हिल डिसूझानं तीन गोल मारले होते. मूळ गोव्याचा हा गडी मुंबईत टाटांकडून खेळायचा. त्या मुंबईत मॅच कोण बघायचं, कामावरून सुटून कुठं बसायचं, हे मला बघायचं होतं. आपल्याकडं खेळाच्या पिक्चरला शेवटी तिरंगा लागतोच. पिक्चर पडला त्याचं खापर फुटबॉलवर फोडू नये, एवढंच माझं म्हणणं.

ग्रुपवरचा दुसरा वाद जुना, 'झुंड'चा. "तीन तासांत फुटबॉल किती? बाकी सगळं जातीवरच," असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. नागपूरच्या विजय बारसेंच्या कामावरून नागराज मंजुळेंनी केलेला हा पिक्चर मी भारतात असताना बघितला असता तर कदाचित मीही तसंच म्हटलं असतं. इकडं आल्यावर बघितला. झोपडपट्टीतली पोरं कॉलेजच्या संघाशी खेळतात ती मॅच मध्यातच उरकते. पुढची खरी लढत पासपोर्टशी आहे. ओळखीचा एक कागद मिळवण्यासाठी बाप आणि पोरगी दारोदार फिरतात. माझ्या व्हिसाच्या फाइलमध्ये आजोबांच्या सातबाऱ्यापासून सगळं लावलेलं होतं, मागितलं नव्हतं तेही. कागदांची अशी थप्पी घरात असणं ही केवढी मोठी इस्टेट, हे तेव्हा लक्षात आलं. पिक्चर लांबलाय, हे कबूल. पण त्यात फुटबॉल नाही, हे नाही पटत.

तसं तर इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींच्या 'ऑफसाइड'मध्येही मॅच जवळजवळ दिसत नाही. बायकांना स्टेडियमवर बंदी, म्हणून मुलांचे कपडे घालून तेहरानच्या स्टेडियमवर आलेल्या पोरी पकडल्या जातात, भिंतीपलीकडं इराण-बहरीन सामना चालू, आणि पहाऱ्यावरचा शिपाई डोकावून त्यांना कॉमेंट्री ऐकवतो. २००६चा पिक्चर, इराणमध्ये दाखवायला बंदी. एकच बघायचा असेल तर हा बघा. वेल्समधल्या एका क्लबवरची 'वेलकम टू रेक्सॅम' ही मालिकाही सगळे सुचवतात. गोड आहे, पण क्लबचे मालकच निर्माते, त्यामुळे मालकावर कुणी फारसं ओरडत नाही.

कोल्हापुरात तर सगळं तयार पडलंय. कुस्तीच्या तालमींचे फुटबॉल संघ, शाहू स्टेडियम, एका हंगामासाठी आलेला आणि तांबडा-पांढरा ओरपायला शिकलेला नायजेरियन खेळाडू. एक हंगामभर कॅमेरा लावा, संघ हरला तरी काढू नका. आणि स्टेडियमवर होणारी हाणामारीही राहू द्या. इथल्या मालिकेत चाहते मालकाच्या नावानं शिव्या घालतात, त्या कुणी कापल्या नाहीत.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका तालमीत पदाधिकारी असलेल्या मित्राचा मेसेज आला : "कल्पना चांगली हाय भावा. पण पहिल्या भागात अध्यक्षांचा सत्कार घ्यावा लागंल."