कुकीच्या मृत्यूचा दाखला

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला, पाठीला सॅक अडकवून मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो, तेवढ्यात टेस्टिंगच्या मॅडमचा मेसेज आला : "सर, लॉगआउट होत नाहीये."

"माझ्याकडे होतंय," मी छातीठोकपणे कळवलं. त्यांनी व्हिडिओच पाठवला. बटण दाबलं, लॉगिनचं पान आलं, रिफ्रेश केलं आणि गडी परत आत! आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. आमच्या लॉगआउटने ते फारच मनावर घेतलेलं दिसत होतं. सॅक खाली ठेवली. खिडकीतून कंपनीची बस जाताना दिसली.

वेबचा सर्व्हर मुळात विसरभोळा. दर वेळी नव्याने "आपण कोण?" विचारणार. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी तोड काढली : ब्राउझरच्या खिशात एक चिठ्ठी ठेवून द्यायची आणि त्याने ती दर खेपेला दाखवायची. हीच कुकी. ठेवायला कोडची एक ओळ पुरते. काढून घेताना मात्र नाकीनऊ येतात, कारण सर्व्हर ज्यातून कुकी पाठवतो त्या सेट-कुकी हेडरला 'पूस' हा शब्दच ठाऊक नाही. त्याच नावाची कुकी पुन्हा पाठवायची आणि तिची मुदत केव्हाच संपली असं सांगायचं. तारीख बहुतेक जण घालतात १ जानेवारी १९७०. म्हणजे पाच मिनिटांपूर्वी जन्मलेल्या जिवाला, तो पन्नासेक वर्षांपूर्वीच मयत झाल्याचा दाखला द्यायचा!

दाखला म्हटला की कागदपत्रं आली. नाव तेच हवं, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता तोच, आणि पाथ, म्हणजे साइटच्या कुठल्या भागात ती चालणार ते, तोही तोच. सरकारी कचेरीत कागद जुळला नाही तर अर्ज निदान तोंडावर तरी फेकतात. ब्राउझर हू की चू करत नाही.

कुठल्या कुकी आहेत ते विचारायला ब्राउझरच्या कन्सोलमध्ये डॉक्युमेंट डॉट कुकी लिहून पाहिलं. रिकामं. कुकी तर नाहीच! या आनंदात अर्धा तास गेला. मग आठवलं, तिच्यावर एचटीटीपी-ओन्ली लावलंय, जावास्क्रिप्टला ती दिसणारच नाही. लावलं कोणी? मीच, गेल्या दिवाळीत, सिक्युरिटी ऑडिटच्या धाकाने. कोडच्या त्या बदलाच्या नोंदीत, म्हणजे कमिटवर, लिहिलं होतं 'किरकोळ बदल'.

शेवटी मॅडमच्या मशीनवर डेव्हटूल्समधला ॲप्लिकेशन टॅब उघडला. तिथे 'सेशन' नावाची एक कुकी, आणि तिच्याखाली आणखी एक 'सेशन'. एकीचा पाथ नुसता स्लॅश, दुसरीचा स्लॅश अकाउंट.

आता उलगडा झाला. पूर्वी लॉगिनच्या कोडमध्ये पाथ लिहायचा राहिला होता. आपण नाही लिहिला तर ब्राउझर पानाच्या पत्त्यावरून स्वतःच ठरवतो, आणि लॉगिनचं पान होतं अकाउंटच्या पोटात. नंतर कुणी शहाण्याने पाथ स्लॅश केला. नवी कुकी आली, पण जुनी हलली नाही. तिची मुदत वर्षभराची! एका वाड्यात दोन कुलकर्णी. ब्राउझर दोघींनाही हाताला धरून सर्व्हरकडे नेतो, लांब पाथवालीला पुढे करून. आमचा सर्व्हर पहिलीची सही खरी दिसली की दुसरीकडे ढुंकून पाहत नाही. आणि लॉगआउट रोज इमानेइतबारे दाखला काढायचं दुसरीचा. मी तपासत होतो ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, ती दर वेळी कोरी उघडते, तिथे जुनी कुकी असणार कुठून?

'टेस्टयूजर दोन म्हणून शिरलं की टेस्टयूजर एकचं नाव दिसतं,' अशी मॅडमची महिन्याभरापूर्वीची तक्रार होती. मी ती 'कॅशचा प्रॉब्लेम' असा शेरा मारून बंद केली होती. आता ती गुपचूप पुन्हा उघडली. मॅडमना लगेच नोटिफिकेशन गेलं. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. त्या अंगठ्यात बरंच काही होतं.

लॉगआउटमध्ये दोन ओळी घातल्या. दोन पाथ, दोन दाखले, दोघींच्या मृत्यूची तारीख एकच. लॉगआउट केलं, रिफ्रेश केलं, आणि आत कुणी आलं नाही.

गेटवर पोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. वॉचमनकाकांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. "साहेब, सकाळी आल्यावर एकदा सही केलीत, चहाहून आल्यावर परत केलीत. आउट-टाइम कुठल्या ओळीपुढे लिहू?"

"दोन्हींपुढे लिहा, काका," मी म्हटलं. "येतो."