सोलर बिघडलेलं नसतं, वरची टाकी रिकामी असते

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. वसतिगृहाच्या गच्चीवरच्या फुटक्या काचनळ्यांचा फोटो आणि खाली मजकूर: सरकारी इमारतींवरचे सोलर वॉटर हीटर म्हणजे जनतेच्या पैशाचा चुराडा. दोन वर्षांत भंगार होतात, पावसाळ्यात चालत नाहीत, अमेरिकेच्या अध्यक्षांनीसुद्धा आपल्या छतावरून काढून टाकले. तेव्हा सगळे उतरवा, विजेची पॅनेल लावा आणि गिझर बसवा.

माझ्याकडे हा मेसेज चार ग्रुपांवरून आला. मी बारा वर्षं मराठवाड्यातली वसतिगृहं, ग्रामीण रुग्णालयं, विश्रामगृहं यांच्या गच्च्यांवर हेच सोलर बसवतो आणि दुरुस्त करतो. फोटोतल्यासारख्या गच्च्या मी ढिगानं पाहिल्यात, त्यामुळे फोटोबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. तो खरा मानून कुणी ही यंत्रं उतरवली, तर थंडीत पहाटे बादली घेऊन उभी राहणारी पोरं त्याची किंमत मोजतील.

‘दोन वर्षांत भंगार होतात.’ आधी हेच घेतो, कारण लोकांना हेच सगळ्यात पटतं.

एका डिसेंबरात मुलींच्या वसतिगृहातून फोन आला. गृहपाल मॅडम म्हणाल्या, “दादा, सोलर बंद पडलंय, पाणीच येत नाही.” पहाटे साडेपाचला पोचलो. मुली रांगेत उभ्या, नळ सोडला की नुसती हवा. काही जणी अंगणातल्या हौदातलं गार पाणी भरून नेत होत्या. गच्चीवर गेलो, सोलरच्या टाकीचं तापमान पाहिलं, तर 58 अंश. हजार लिटर कढत पाणी वर भरलेलं आणि खाली थेंब नाही.

कारण असं, की सोलरच्या टाकीतलं गरम पाणी आपण होऊन खाली येत नाही. शेजारच्या उंचावरच्या साध्या टाकीतलं गार पाणी सोलरच्या टाकीत बुडाशी शिरतं आणि गरम पाण्याला वरच्या तोंडातून बाहेर ढकलतं. गार पाणी संपलं की गरमही थांबतं. त्या वसतिगृहात मोटार लागायची सकाळी आठला, शिपाई आल्यावर. साध्या टाकीतलं पाणी रात्रीच संपून जायचं. आम्ही एकच बदल केला, रात्री नऊला मोटार लावून टाकी भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आलं. एक रुपयाचा सुटा भाग बदलावा लागला नाही.

नळ्या फुटण्याचं मूळही बऱ्याचदा इथेच असतं. सोलरला येणारी गार पाण्याची लाइन स्वतंत्र हवी आणि तिच्यावर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप हवी. ठेकेदार पाइप वाचवायला त्याच लाइनवरून संडास-बाथरूमचे नळ काढतो. साध्या टाकीत पाणी नसलं की खालच्या नळांवाटे सोलरचं पाणी उलटं ओढलं जातं, नळ्या कोरड्या पडतात आणि उन्हात तापत राहतात. भर दुपारी कुणी मोटार लावतं, गार पाणी त्या भाजलेल्या काचेवर पडतं आणि काच तडकते. मग पुढच्या फोटोत ती ‘निकृष्ट यंत्रणा’ म्हणून झळकते.

दुसरा शत्रू क्षार. काही सोलरमध्ये काचनळ्यांऐवजी ऊन शोषणारी सपाट प्लेट असते. आमच्याकडच्या बोअरचं पाणी इतकं जड, की त्या प्लेटच्या आतल्या अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळीत पांढरा थर चढत जातो आणि पाणी फिरेनासं होतं. अशा गावात थेट बोअरचं पाणी प्लेटमध्ये न घालता हीट एक्स्चेंजरचं सोलर घ्यायचं, ज्यात प्लेटमध्ये वेगळं बंदिस्त पाणी फिरतं आणि त्याच्या उष्णतेनं वापरायचं पाणी तापतं, किंवा वर्षातून एकदा क्षार काढून घ्यायचे. एवढं सांभाळलं तर चांगली प्लेट 15 ते 20 वर्षं जाते.

‘पावसाळ्यात चालत नाहीत.’ ढग असले की पाणी कोमट येतं, सलग झड लागली की तेवढंही नाही. हे खरंच आहे, म्हणून टाकीत विजेची कॉइल असते आणि ती असायलाच हवी. पण आंघोळीला कढत पाणी लागतं ते मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा आमच्याकडे आभाळ निरभ्र असतं. प्लेटचा स्टँड दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशापेक्षा दहा-पंधरा अंश जास्त उभा ठेवला की हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊन नीट मिळतं. कोकणातल्या इमारतीचा हिशेब वेगळा करावा, हे मी मान्य करतो.

‘पॅनेल लावून गिझर बसवा.’ इथे गणितच मांडावं लागेल. 80 मुली, प्रत्येकीला 25 लिटरची एक बादली, पाणी 40 अंशांचं. हिवाळ्यात गार पाणी 20 अंशांचं धरलं, तर 60 अंशांचं निम्मं आणि गार निम्मं, म्हणजे रोज हजार लिटर गरम पाणी. ते 20 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 46 युनिट उष्णता लागते. सोलरच्या प्लेटा त्यासाठी 20 चौरस मीटर पुरतात. तेवढीच वीज पॅनेलनं काढायची तर, एका किलोवॉटला दिवसाला 4 युनिट धरून, 11-12 किलोवॉट लागतात आणि नुसत्या पॅनेलचंच क्षेत्र 60 चौरस मीटरच्या आसपास जातं. शिवाय मुली आंघोळ करतात अंधारात. तेव्हा दहा गिझर एकदम चालू झाले की 20 किलोवॉटचा भार येतो, आणि पहाटे वीज गेली तर सगळंच गेलं. सोलरच्या टाकीत कालचं ऊन साठवलेलं असतं. पॅनेलबरोबर हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, हा मात्र विचार करण्याजोगा पर्याय आहे, त्याला गिझरच्या साधारण एक तृतीयांश वीज लागते. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

अमेरिकेचं थोडक्यात. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1979 मध्ये व्हाइट हाउसवर पाणी तापवणारी 32 पॅनेल बसवली. पुढचे अध्यक्ष रेगन यांच्या काळात 1986 मध्ये छताच्या दुरुस्तीसाठी ती उतरवली आणि परत बसवलीच नाहीत. पुढे मेन राज्यातल्या एका कॉलेजनं त्यातली काही नेली आणि कित्येक वर्षं आपल्या खाणावळीचं पाणी त्यांवर तापवलं. बिघडलेल्या वस्तूकडून हे झालं नसतं. धाकट्या बुश यांच्या काळात तर व्हाइट हाउसच्या आवारात पाणी तापवणारं सोलर पुन्हा बसलं.

राहिला पैशाचा चुराडा. तो होतो, आणि त्याचा मला राग आहे. निविदेत लिटर लिहिलेले असतात, पण पाइपाची लांबी नसते. एक इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. बाथरूम 40 मीटरवर असेल तर गरम पाणी पोचायच्या आधी 20 लिटर गार पाणी सांडतं, आणि पाइपावर इन्सुलेशन नसेल तर पोचलेलंही कोमट असतं. बिल बसवल्याच्या दिवशी निघतं, काचा पुसायला आणि क्षार काढायला मात्र कुठल्याच हेडखाली तरतूद नसते. ज्यांच्या हातात पुढची निविदा आहे त्यांनी त्यात पाच वर्षांची देखभाल, स्वतंत्र गार लाइन आणि इन्सुलेशन केलेला पाइप लिहावा, आणि बिल काढण्याआधी जानेवारीत पहाटे साडेपाचला शेवटच्या बाथरूमच्या नळाखाली थर्मामीटर धरून आकडा नोंदवावा.