मंग नोकरी कोनत्या खात्यात?

गेल्या रविवारी दर्यापूरकडून दादाचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला पुढं आंतरशाखीय इंजिनीअरिंगमध्ये मास्टर्स करायचंय, म्हणजे मी केलं तेच. घरात त्यावरून जुंपली होती. "तू त्याले समजाव," दादा म्हणाला, "धड एक शाखा धर म्हना. हे सारं मिसळलेलं शिक्षण, मंग नोकरी कोनत्या खात्यात?"

प्रश्न अडाणी नाही. राज्याच्या अभियांत्रिकी सेवेच्या जागा आजही स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत अशाच निघतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बहुशाखीय शिक्षणाचं भरपूर कौतुक आहे, पण जाहिरात काढणाऱ्या टेबलापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

आणि इथं अमेरिकेत, इंडियाना राज्यात तरी कुठं सगळं आलबेल आहे! पर्ड्यू विद्यापीठात माझे विषय एका खात्याने ठरवले नाहीत. मार्गदर्शक प्राध्यापकांची समिती बसली आणि त्यांच्याशी वाद घालत मी मृदाशास्त्र, जलविज्ञान, सेन्सर असं जुळवून घेतलं. शिकताना मजा आली. नोकरी शोधताना मात्र, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" हे मलाही ऐकावं लागलं. इथं नोकरी करायला लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसासाठी तर पदवीचा कामाशी थेट संबंध दाखवावा लागतो. ज्याच्या पदवीवर सिव्हिल लिहिलंय त्याचं एका शब्दात भागतं, मला पानभर खुलासा लिहावा लागला.

तरी मला पस्तावा नाही, त्याचं कारण आमच्याच वावरात आहे. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. विहीर खोदली की पाणी लागतं, पण खारं. ते पिकाला दिलं तर त्यातल्या सोडियमनं काळी चिकणमाती आणखी बिघडते, फुगून बंद होते, पाणी खाली जिरत नाही. वरून पाऊस जास्त झाला तर तूर उभ्या उभ्या पिवळी पडते. लोकांनी हेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलंय, आणि किडनीच्या आजारांची भीती घराघरात आहे. आता हे काम कोणाचं? सिव्हिलवाला शेततळं आखेल, मातीवाला सोडियम काढायला जिप्समची भुकटी सुचवेल, पाणी गोडं करायचं यंत्र मेकॅनिकलवाला बसवेल. त्यातून उरलेलं खारं पाणी कुठं सोडायचं, हे मात्र कोणाच्याच वहीत नसतं. बहुतेकदा ते नालीत जातं.

इंडियानाच्या मक्याच्या शेतांखाली निचऱ्याचे पाइप पुरलेले असतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमचं वावर आठवलं आणि हेवा वाटला. मग कळलं की त्याच पाइपांतून खताचं नायट्रेट ओढ्यात, तिथून वाबाश नदीत आणि शेवटी मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात जातं. निचरा झकास, पण घाण दुसऱ्याच्या दारात. एका शाखेच्या चष्म्यातून इथंही हे सुटलेलं नाही.

म्हणून पुतण्याला मी परदेशी ये म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र १९८५ पासून आहे, तिथल्या एम.टेक.च्या मुलांना गावात जाऊन राहावं लागतं. ते आधी बघ म्हटलं. शिवाय मेकॅनिकल पक्कं कर. ज्याला एकही शाखा धड येत नाही त्याने चार शाखा मिसळल्या तर खिचडी होते, आणि तीही कच्ची. पण माझा खरा प्रश्न वेगळा होता: कोणतं कोडं सोडवायचंय? ते नसेल तर दादा म्हणतो तेच बरोबर, सरळ एक शाखा घे.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, आपल्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात जास्त खारं लागते का पावसाळ्यात, हे कोनी मोजलंच नाई ना?"

मागून दादाचा आवाज आला, "उन्हाळ्यात! मले विचार ना, मोजाले काय लागते?"

मग दोघांची पुन्हा जुंपली आणि माझा फोन तसाच चालू राहिला.