काडीचीही जोखीम नको : कॅनडात बाँड फंड निवडण्याची अचूक रीत

तुम्ही सावध गुंतवणूकदार आहात, यात शंका नाही. बँकेच्या शाखेतल्या फॉर्मवर 'जोखीम घेण्याची तयारी' या रकान्यात तुम्ही ठसठशीतपणे 'कमी' असं लिहिलंत, आणि पेनाला टोपण लावता लावता विचारलंत, "पण आठेक टक्के सुटतील ना?" एवढी पात्रता पुरे आहे. शेअरबाजारातल्या सट्टेबाजांना रात्ररात्र आकडे बघावे लागतात. तुम्हाला ती दगदग नाही. फंडाच्या नावात 'बाँड' (म्हणजे कर्जरोखे) किंवा 'इन्कम' असलं आणि माहितीपत्रकावर समुद्रकिनारी हसणारं पांढऱ्या केसांचं जोडपं असलं, की खुशाल सही करा.

माहितीपत्रकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर 'ड्युरेशन' नावाचा एक आकडा असतो, तो मात्र चुकूनही वाचू नका. व्याजदर एक टक्क्याने वाढले तर फंडाची किंमत साधारण किती टक्के पडेल, हे तो आकडा आगाऊच सांगून टाकतो, आणि सावध माणसाशी असं तोंडावर बोलणं बरं नव्हे. झेडएजी, एक्सबीबी, व्हीएबी असे जे ईटीएफ (शेअरसारखे बाजारात विकत मिळणारे फंड) कॅनडाचा अख्खा रोखेबाजार एका गाठोड्यात देतात, त्यांचा हा आकडा ७ च्या आसपास असतो. अल्प मुदतीच्या फंडांचा ३ च्या आत, दीर्घ मुदतीच्या फंडांचा १४-१५. तिन्ही फंड 'सुरक्षित' याच फळीवर मांडलेले असतात, त्यामुळे तुम्ही गेल्या वर्षी ज्याने जास्त दिलं तो उचला. व्याजदर घसरत असताना तो बहुधा दीर्घ मुदतीचाच असतो. म्हणजे दर पुन्हा चढायला लागतील तेव्हा सगळ्यात जोरात आपटणारा फंड तुमच्या पदरात आधीच असेल. याला म्हणतात तयारी.

ज्यांनी ही तयारी वेळेत केली होती त्यांना २०२२ साली तिचं चीज झालेलं बघायला मिळालं. त्या वर्षी मार्च उजाडला तेव्हा बँक ऑफ कॅनडाचा, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचा, दर ०.२५ टक्के होता. डिसेंबरात तो ४.२५ झाला. कॅनडाचा सर्वसाधारण रोखे निर्देशांक वर्षभरात ११ टक्क्यांहून जास्त पडला, दीर्घ मुदतीचे रोखे २० टक्क्यांहून जास्त, आणि अल्प मुदतीचे जेमतेम ४. सुरक्षित पैशाने शेअरसारखं वागावं, ही पद्धत तुम्हाला कुणी सांगितली नव्हती. म्हणून तुम्ही योग्य तेच केलंत : तळाशी विकलंत. विकायलाच हवं होतं. कारण किमती पडल्या की त्याच रोख्यांवर नव्याने मिळणारं व्याज वाढतं, फंडातले जुने रोखे फिटत जातात, त्या पैशातून चढ्या व्याजाचे नवे येतात, आणि ड्युरेशनइतकी वर्षं थांबणाऱ्याचं नुकसान हळूहळू भरून निघत जातं. एवढी वर्षं थांबायचं म्हणजे वाट बघणं आलं, आणि वाट बघणं जोखमीचं.

विकून आलेले पैसे २०२३ मध्ये एक वर्षाच्या जीआयसीत, म्हणजे बँकेच्या मुदत ठेवीत, टाकलेत, ५ टक्क्यांनी. छान केलंत. त्याच वर्षी रोखे निर्देशांक साडेसहा टक्क्यांच्या वर गेला, पण तो आता आपला विषय नव्हता. मग जून २०२४ पासून बँक ऑफ कॅनडाने दर उतरवायला सुरुवात केली. तुमच्या जीआयसीची मुदत संपली, बँकेचं पत्र आलं, ते तुम्ही फ्रिजवर चुंबकाने लावलंत, आणि ती जीआयसी कमी दराने आपोआप पुन्हा लागली. नवा दर आपण फोन करून मागू शकतो, दुसरीकडे जास्त मिळत असेल तर पैसे हलवू शकतो, असल्या उठाठेवी तुमच्या स्वभावात बसत नाहीत.

जीआयसीचा एक मोठा गुण म्हणजे तिची किंमत पडलेली कुणालाच दिसत नाही. दर वर गेले की मुदतबंद जीआयसीचंही मोल घटतंच, फक्त ते रोज संध्याकाळी पडद्यावर लाल अक्षरांत येत नाही. २०२१ मध्ये एक-दीड टक्क्याने पाच वर्षांसाठी पैसे अडकवलेले लोक जून २०२२ मध्ये महागाई ८.१ टक्क्यांवर गेली तेव्हाही शांतपणे सांगत होते, "आपलं मुद्दल सुरक्षित आहे." होतंच. त्या मुद्दलात भाजी कमी येत होती, एवढंच. महागाईबरोबर वाढणारे सरकारी रोखे १९९१ पासून मिळत होते, पण सरकारने ते नव्याने काढणं २०२२ च्या नोव्हेंबरात बंद केलं, नेमकं लोकांना त्यांची आठवण व्हायला लागली होती तेव्हा. सरकारही सावधच.

खर्चाबद्दल फार बोलत नाही. वर सांगितलेले ईटीएफ वर्षाला ०.१ टक्क्याच्या आसपास घेतात, आणि शाखेत टेबलाच्या पलीकडून मिळणारा बाँड फंड सहज एक टक्क्याच्या वर. २०२० च्या उन्हाळ्यात कॅनडा सरकारचा दहा वर्षांचा रोखा वर्षाला एक टक्कासुद्धा देत नव्हता. म्हणजे कर्ज सरकारला तुम्ही दिलंत, जोखीम तुम्ही घेतलीत, आणि व्याज फंडवाल्याने खाल्लं. शाखेत कॉफी फुकट मिळते, हे त्यात धरलेलं नाही.

काहींना हे सगळं फिकं वाटतं. त्यांच्यासाठी 'दरमहा ठरावीक रक्कम' देणारे फंड आहेत. पहिल्या तारखेला खात्यात पैसे आले की पेन्शन आल्यासारखं वाटतं. वर्षाखेरीस कराची टी३ स्लिप येते, तिच्यात 'भांडवलाची परतफेड' असा रकाना असतो. आपल्याच डब्यातला लाडू यजमानाने आपल्या पानात वाढावा आणि आपण त्याचं अगत्य गावं, तसं ते आहे. पण तो रकाना वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा गाडीत राहिलेला असतो. याच फळीवर प्रेफर्ड शेअर (ठरावीक लाभांश देणारे शेअर) आणि कमी पत असलेल्या कंपन्यांचे रोखेही ठेवलेले असतात. बाजार कोसळतो तेव्हा तेही सोबत कोसळतात. शेवटी बाजाराशी नातं टिकवलेलं बरं.

कराचं नियोजन अगदी सोपं आहे. टीएफएसएत, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, मुलाने सुचवलेलं काहीतरी झगमगीत घ्या आणि व्याज देणाऱ्या सगळ्या वस्तू साध्या खात्यात ठेवा. व्याजावर कर पूर्ण लागतो; ओंटारिओत सगळ्यात वरच्या पायरीवर तो ५३.५३ टक्के आहे. भांडवली नफ्याचा निम्मा भागच करपात्र असतो, म्हणून दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात मिळणारे रोखे गोळा करणारा झेडडीबी नावाचा ईटीएफही आहे, ज्यात परताव्याचा काही भाग व्याजाऐवजी नफा म्हणून येतो. कुणी त्याचं नाव काढलं तर "नवीन दिसतंय" म्हणून सोडून द्या. तो २०१४ पासून आहे.

विम्याच्या बाबतीत गैरसमज पक्का असू द्या. सीडीआयसीचं (ठेवींचा विमा उतरवणाऱ्या सरकारी संस्थेचं) संरक्षण एका बँकेत, खात्याच्या एका प्रकाराला, १,००,००० डॉलरपर्यंत असतं, आणि ते ठेवींना असतं. बाँड फंडाला नाही. तुम्ही मात्र फंडावरून बँकेचं बोधचिन्ह बघा आणि निर्धास्त व्हा. ठेव असेल तर दोन लाख एकाच बँकेत, एकाच नावावर ठेवा. समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या बँकेत अर्धे नेणं म्हणजे पहिल्या बँकेच्या मॅनेजरचा अपमान.

आता आपल्या माणसांसाठी खास. मिसिसागाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की कुणीतरी काका हमखास म्हणतात, "इथे काय ठेवलंय! मी तर एनआरई एफडी केली, सात टक्के, टॅक्स फ्री." एनआरई एफडी म्हणजे अनिवासी भारतीयांची भारतातल्या बँकेतली मुदत ठेव, आणि काकांचं म्हणणं भारतापुरतं खरं आहे. काका कॅनडाचे रहिवासी आहेत एवढाच तपशील राहतो, आणि कॅनडात जगभराच्या उत्पन्नावर कर लागतो, पुण्यातल्या बँकेच्या व्याजावरही. परदेशातल्या अशा मालमत्तेची मूळ किंमत १,००,००० डॉलरच्या वर गेली की टी११३५ फॉर्म भरावा लागतो. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० डॉलरपर्यंत. शिवाय २००५ च्या सुमारास एक कॅनेडियन डॉलर ३५-३६ रुपयांना मिळायचा, आता ६० च्या वर लागतात. रुपये परत डॉलरमध्ये आणताना हा फरक सात टक्क्यांतून वजा होतो. आणि भारतात ठेवींचा विमा एका बँकेत ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. यातलं काहीही काकांना ऐकवू नका, वयाने मोठे आहेत. उलट विचारा, "कुठली बँक, काका?"

एक धोका मात्र खरा आहे. कधीतरी एखादा फीवर काम करणारा, फंडांचं कमिशन न घेणारा सल्लागार भेटतो आणि परतावा, मानांकन, बाजाराचा अंदाज सगळं बाजूला ठेवून विचारतो, "हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत?" सांभाळा. दोन वर्षांनी मुलीच्या घराच्या डाउन पेमेंटला असं म्हणालात, तर तो जीआयसी किंवा अल्प मुदतीचा फंड सांगेल. दहा वर्षांनी म्हणालात, तर अख्ख्या बाजाराचा स्वस्त ईटीएफ घ्या आणि विसरून जा म्हणेल. दहा मिनिटांत सगळं उरकलं, तर पुढच्या शनिवारच्या पॉटलकला बोलणार काय? तेव्हा "बघू, अजून ठरवलं नाही" असं म्हणा आणि तो वहीत काही लिहायच्या आत विचारा, "बरं, एक वर्षाच्या जीआयसीचा आज काय रेट चाललाय?"